मृत्युपत्राचं वय कोणतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटणार नाही अशा बेताने:

मी ३४ वर्षांचा आहे. पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. पत्नीही नोकरी करते. मुलगी चार वर्षांची. फ्लॅट लग्नाआधी घेतलेला, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. त्याचं ३८ लाखांचं कर्ज बाकी आहे आणि त्यात पत्नी सहकर्जदार आहे. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स, पीएफ आणि थोडे म्युच्युअल फंड आहेत. आई-वडील साताऱ्याजवळ गावी राहतात, त्यांना दरमहा पैसे पाठवतो. धाकटा भाऊ जर्मनीत असतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या टीममधला ३९ वर्षांचा सहकारी अचानक गेला. त्याच्या पत्नीची कागदपत्रांसाठी चाललेली धावपळ पाहून मी घरी मृत्युपत्राचा विषय काढला. आई म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं बोलू नये." वडील दुखावले. म्हणाले, "आम्ही अजून बसलोय आणि तू कसली वाटणी करतोस?" पत्नी तेव्हापासून विषयच टाळते. मलाही वाटतं, आपली इस्टेट ती केवढी? सगळीकडे नॉमिनी पत्नीच आहे, म्हणजे सगळं तिलाच मिळणार. मग घरच्यांना दुखवून हे आत्ताच करायला हवं का, की पन्नाशीनंतर बघू?

सदर लेखिकेचं उत्तर:

प्रिय वाचक,

सहकाऱ्याच्या जाण्याने तुम्ही हादरलात, आणि तरी त्याच्या पत्नीची धावपळ तुमच्या नजरेतून सुटली नाही. त्या बाईंना काय काय जमवावं लागतंय हे शक्य झालं तर त्यांच्याकडूनच समजून घ्या, आणि जमेल ती मदत करा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल. उरलेलं मी देते.

सुरुवात तुमच्या सगळ्यात ठाम वाक्यापासून करते: "नॉमिनी पत्नी आहे, म्हणजे सगळं तिलाच मिळणार." माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे वाक्य इतक्या वेळा असतं, आणि त्यामुळे इतकी घरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत, की याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बँकेने किंवा फंडाने तुमच्या मागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. नॉमिनी हा बाकीच्या वारसांच्या वतीने रक्कम सांभाळणारा विश्वस्त असतो. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर यांचं २०१३ मध्ये निधन झालं. त्यांच्या म्युच्युअल फंडांच्या नॉमिनेशनवरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की शेअर आणि फंडांचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही, वारसा कायदाच चालतो. सोसायटीतही तेच. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सभासदाच्या मागे नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात. फ्लॅटची मालकी वारस ठरल्यावरच पक्की होते.

आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर कायद्याच्या शब्दांनुसार ती रक्कम त्यांची स्वतःची होते. तरीही मृत्युपत्रात तेच नाव पुन्हा लिहावं, म्हणजे वादाला फट राहत नाही. आणि पीएफचं नामनिर्देशन लग्नाआधी केलं असेल तर लग्न झाल्यावर ते रद्द ठरतं. 'सगळीकडे पत्नी आहे' असं तुम्ही लिहिता, ते एकदा यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या ऑनलाइन खात्यावर, जाऊन डोळ्यांनी बघा.

आता समजा, तुम्ही काहीच लिहून ठेवलं नाही. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असं मी धरते. १९५६ च्या या कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलं आणि आई. वडील दुसऱ्या वर्गात येतात, आणि पहिल्या वर्गातलं एक माणूस जरी असलं तरी दुसऱ्या वर्गाला काहीच मिळत नाही. म्हणजे तुमच्या फ्लॅटचे तीन सारखे हिस्से होतील: पत्नी, मुलगी आणि आई. कर्जाची पूर्ण जबाबदारी सहकर्जदार म्हणून पत्नीवर, आणि मालकी मात्र एक तृतीयांश. ज्या वडिलांना वाटतंय की मुलगा वाटणी करायला निघालाय, त्यांच्या वाट्याला थेट एक रुपयाही नाही.

हिशोब इथे थांबत नाही. आईच्या वाट्याचा तिसरा हिस्सा तिच्या मागे, तिनेही मृत्युपत्र केलं नसेल तर, तुमचे वडील, तुमचा भाऊ आणि तुमची मुलगी यांच्यात वाटला जाईल. तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जर्मनीतल्या भावाचा नववा हिस्सा येईल. भाऊ कितीही सज्जन असो, विक्रीच्या वेळी त्याची सही लागणार. त्यासाठी त्याला एक तर इथे यावं लागेल, नाही तर तिथल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून पाठवावं लागेल. यात कोणाच्याही मनात पाप असायची गरज नाही.

मुलीच्या हिश्शाची अडचण याहून मोठी आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावावर असलेली स्थावर मिळकत आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही किंवा गहाण ठेवता येत नाही. यात काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एकतिशीतली एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा अपघातात गेलेला, मुलगा दुसरीत, दोन खोल्यांचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. एका पगारात हप्ता झेपेना, म्हणून फ्लॅट विकून माहेरच्या गावी जायचं तिने ठरवलं. गिऱ्हाईक मिळालं, बयाणा घेतला. मग गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. मुलाच्या हिश्शासाठी जिल्हा न्यायालयाचा आदेश कुठे आहे? सासूबाईंचं हक्कसोडपत्र कुठे आहे? सासूबाई सही करायला एका पायावर तयार होत्या, पण अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना निबंधकासमोर हजर कसं करायचं, इथूनच प्रश्न. न्यायालयात अर्ज, मूल्यांकन, विक्री मुलाच्या हिताची कशी हे पटवून देणारं प्रतिज्ञापत्र. आदेश आला तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे घर घेऊन मोकळं झालं होतं, आणि हप्ते थकले होते. आदेशातही अट होती की मुलाच्या हिश्शाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे मुदत ठेवीत राहील. कायद्याने त्या मुलाचं रक्षणच केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या नवऱ्याने एका कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर यातलं काहीही करावं लागलं नसतं.

म्हणून पन्नाशीपर्यंत थांबायचा विचार मला पटत नाही. सत्तरीतल्या माणसाच्या मागे बहुधा मुलं कमावती असतात, कर्ज फिटलेलं असतं, घरातल्यांना कागद कुठे आहेत हे माहीत असतं. त्याने मृत्युपत्र केलं नाही तर भांडण होईल, वर्षं जातील, पण कुणाची शाळेची फी थांबणार नाही. तुमच्या वयाला सगळंच अर्ध्यावर असतं: मूल लहान, कर्ज मोठं, आई-वडील म्हातारपणाकडे झुकलेले, आणि जोडीदाराचा पगार एकटा पुरणारा नाही. थोडं चुकलं तरी सोसायची ताकद याच वयात सगळ्यात कमी असते.

'इस्टेट ती केवढी' हेही जरा मोजून बघा. टर्म इन्शुरन्सचे एक कोटी आज तुमच्याकडे नाहीत, ते तुमच्या मागेच तयार होणार आहेत. पीएफबरोबर येणारा सात लाखांपर्यंतचा विमा, ग्रॅच्युइटी, कंपनीने काढला असेल तर गट विमा, हे सगळं तसंच. तुमच्या वयाचा नोकरदार माणूस हयातीत मध्यमवर्गीय असतो, आणि त्याच्या मागे घरात एकदम येणारी रक्कम त्या घराने कधी हाताळलेलीही नसते. ती रक्कम कोणाच्या हाती, कशासाठी आणि किती काळ, याचा विचार तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार?

आता घरच्यांबद्दल. तुमच्या वडिलांचा राग मला समजतो. त्यांच्या पिढीने 'वाटणी' हा शब्द भावाभावांच्या भांडणातच ऐकला आहे. त्यांच्याशी तुमच्या मृत्युपत्रापासून सुरुवात करू नका. गावच्या सातबाऱ्यापासून करा. पुढच्या खेपेला गेलात की विचारा, "बाबा, आजोबांच्या मागे जमीन तुमच्या नावावर लागायला किती वेळ लागला?" गावाकडच्या बहुतेक घरांत या प्रश्नाला मोठं उत्तर असतं. तलाठ्याकडच्या खेपा, वारसनोंद, फेरफारावर आलेली हरकत, आत्याची सही. कित्येक सातबाऱ्यांवर आजही गेलेल्या आजोबांचं नाव आहे. त्यांना सगळं सांगू द्या, मध्ये बोलू नका. मग म्हणा, "हे तुमच्या सुनेला करावं लागू नये म्हणून मी लिहून ठेवतोय. आणि न लिहिता गेलो तर कायदा तुम्हाला काही देत नाही, ते मला चालणार नाही." त्यांच्यासाठी तुम्ही काय ठेवणार आहात तेही तिथेच सांगून टाका. आईला शुभ-अशुभावरून समजावत बसू नका. तिची भीती खरी आहे आणि वादाने ती जायची नाही. विमा काढलात तेव्हाही विषय हाच होता, आणि तेव्हा वास्तूने तथास्तु म्हटलं नाही, एवढं हळूच सांगून बघा.

पत्नीच्या बाबतीत मात्र मला तुम्हालाच काही विचारायचं आहे. तुमच्या पत्रात ती 'मिळणारी' आहे, आणि तुम्ही 'देणारे'. ती कमावते, कर्जात सहकर्जदार आहे, तिचाही पीएफ असेल, ठेवी आणि दागिने असतील. तिच्या मागे काय व्हावं हे कोणी तिला विचारलं आहे का? कायद्याप्रमाणे तिचं सगळं तुम्हाला आणि मुलीला जाईल, तिच्या आई-वडिलांना काही नाही. कदाचित तिला त्यांच्यासाठी काही ठेवायचं असेल आणि ते बोलायला जागाच मिळाली नसेल. 'माझ्या मृत्यूनंतर तुझं काय' असा विषय काढला की समोरचं माणूस मिटतं. 'आपण दोघंही लिहू, एकाच दिवशी' असं म्हणून बघा. टाळाटाळीचं कारण भीती असेल तर सोबतीने ती कमी होईल.

आणि दोघांनी मिळून एक प्रश्न सोडवाच: एकाच अपघातात दोघं गेलात तर मुलगी कोणाकडे? तुमच्या आईकडे, तिच्या आईकडे, की एखाद्या मावशीकडे? दोघांनाही आपापल्या मृत्युपत्रात पालक नेमता येतो. एकाच्या मागे दुसरा असला तर मुलगी त्याच्याकडेच राहील, पण दोघंही नसताना ते नाव कामी येतं. नाव नसेल तर दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळेच तिच्या मायेपोटी, न्यायालयात समोरासमोर उभे राहू शकतात. ज्यांचं नाव लिहाल त्यांना आधी विचारा. नकार आला तर तो आत्ताच कळलेला बरा.

लिहायचं कसं, ते आता सांगते, कारण लोक याच पायरीवर उगाच घाबरतात. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही मृत्युपत्र करता येतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, भाषा मराठी चालते, हाताने लिहिलेलंही चालतं. तुमच्या सहीच्या वेळी दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करायला हवी. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शक्यतो तुमच्याहून लहान किंवा बरोबरीचे साक्षीदार घ्या, कारण उद्या त्यांनाच साक्ष द्यावी लागेल. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलीत तर 'हे खोटं आहे' म्हणणं पुढे अवघड होतं. तुमच्याकडे कर्ज, अज्ञान मुलगी आणि परदेशातला भाऊ आहे, म्हणून मी एकदा वकिलाकडून मसुदा तपासून घ्या असं म्हणेन.

मजकुराबद्दल माझा कल असा: फ्लॅट आणि बहुतेक मिळकत पत्नीला, म्हणजे मुलीच्या हिश्शासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. पत्नी हयात नसेल तर मुलीला, पण अठराव्या वर्षी एकदम हातात नको. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या शिक्षणासाठी आणि खर्चासाठी कोणी, कसं वापरायचं हे लिहून, विश्वासातल्या दोघांवर ती जबाबदारी सोपवा. आई-वडिलांसाठी वेगळी तरतूद करा. विम्यात नॉमिनींना टक्केवारीने वाटे देता येतात, तेव्हा काही टक्के आईच्या नावे आणि काही वडिलांच्या नावे ठेवता येतील. त्यांना तुम्ही आज जे दरमहा पाठवता त्याला बारा महिन्यांनी आणि मग पुढे जितकी वर्षं द्यायचं आहे तितक्या वर्षांनी गुणलं तर किती होतं, ते आधी काढा, म्हणजे वाटा अंदाजाने ठरवावा लागणार नाही. तुमच्या स्वकष्टार्जित मिळकतीतून आईला वगळायचा हक्क तुम्हाला आहे, पण तिच्यासाठी काहीही न ठेवता, तिला न सांगता तो वापरू नका.

तुमच्या वयाला एक ओळ फार महत्त्वाची: 'वर उल्लेख नसलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मिळकत' कोणाला. पुढच्या दहा वर्षांत नोकरी बदलेल, खाती बदलतील, गावच्या जमिनीतला हिस्सा येईल. ही ओळ असेल तर दर वेळी नवा कागद करावा लागत नाही. शिवाय अंमलबजावणीसाठी एका माणसाचं नाव द्या, आणि मूळ प्रत कुठे आहे ते त्याला आणि पत्नीला सांगा. बँक, विमा, पीएफ, डीमॅट, कर्ज, फोनचं कुलूप यांची यादी वेगळी ठेवा, मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका. आणि कोणाला तरी मुखत्यारपत्र देऊन ठेवलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ते मृत्यूबरोबर संपतं.

हीच पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात, म्हणून इतरांसाठीही लिहिते. अविवाहित हिंदू मुलाच्या मागे सगळं आईला जातं, वडिलांना काही नाही. अविवाहित मुलीच्या मागे मात्र आई-वडील दोघांना. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचं नाव कोणत्याही वारसाच्या यादीत नाही, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये. घटस्फोट झालेल्यांनी जुनी नॉमिनेशनं आजच बदलावीत. आंतरधर्मीय नोंदणी विवाह केलेल्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलं असतील तर आई-वडिलांना काहीच नाही. मुस्लिम वाचकांना मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. गोव्यातल्या वाचकांचं गणित वेगळंच आहे. तिथे पती-पत्नीची मिळकत बहुधा सामाईक असते आणि मुलांचा हिस्सा कायद्याने राखलेला असतो, तेव्हा तिथल्याच जाणकाराला विचारा.

मूल नसलेल्या विवाहित आणि विधवा स्त्रियांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमची स्वतः कमावलेली मिळकत, मृत्युपत्र नसेल आणि पतीही नसेल, तर आधी पतीच्या वारसांकडे जाते, तुमच्या आई-वडिलांकडे नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हेच सांगितलं. त्यातली स्त्री लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली होती, माहेरी राहून शिकली, नोकरीला लागली. तिच्या मागे तिची बचत सासरच्यांना मिळाली. एका सहीच्या कागदाने हे बदललं असतं.

उपचारांबद्दलची इच्छा मृत्युपत्रात घालू नका, ते उघडलं जाईपर्यंत वेळ गेलेली असते. त्यासाठी वेगळं वैद्यकीय इच्छापत्र असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

तुम्ही क्रम असा ठेवा. या आठवड्यात पीएफ आणि विम्याची नॉमिनेशनं तपासा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मग पत्नीशी बोला, गावी जाण्याआधी. वडिलांशी बोलणं प्रत्यक्ष भेटूनच करा, फोनवर नको. मसुदा झाला की सही लांबवू नका, वडिलांचा होकार आला नसला तरीही. तो कागद रद्द करून नवा करायचा हक्क तुम्हाला आयुष्यभर आहे, आणि शेवटचा कागदच खरा धरतात. दुसरं मूल झालं, घर बदललं, कर्ज फिटलं किंवा नेमलेल्या पालकांपैकी कोणी राहिलं नाही, की तो बाहेर काढून पुन्हा वाचा.